मान न वळवता चौफेर पाहणारं रडार

पावसाळ्यातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. चाकणहून भोसरीकडे येणारा रस्ता, दोन्ही बाजूंनी कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. पाऊस असा कोसळतोय की वायपर कितीही फिरला तरी काच काही स्वच्छ होत नाही. आणि अचानक समोरचा ट्रक करकचून ब्रेक लावतो!

गाडी चालवणाऱ्या माणसाला ट्रक थांबलाय हे दिसायला, मेंदूला कळायला आणि पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. एक सेकंद म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. पण गाडी ताशी ८० किलोमीटर वेगानं धावत असेल, तर त्या एका सेकंदात ती २२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे शाळेचे तीन वर्ग ओळीनं मांडले तर होतील जवळजवळ तेवढं अंतर, आणि तेही ब्रेक लागायच्या आधी!

आता गंमत ऐका. अलीकडच्या काही गाड्यांच्या पुढच्या भागात, बंपरच्या किंवा जाळीच्या मागे, तळहातावर मावेल एवढी एक चपटी डबी बसवलेली असते. तिला डोळे नाहीत, तरी तिला पावसातून, धुक्यातून, अंधारातून समोरचा ट्रक ‘दिसतो’. तो किती दूर आहे, किती वेगानं जवळ येतोय आणि डावीकडे आहे की उजवीकडे, हे सगळं तिला कळतं. ट्रक ६० मीटरवर असेल, तर डबीनं पाठवलेली हाक ट्रकवर आपटून परत यायला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग, त्याचाही अर्ध्याहून कमी वेळ पुरतो. तेवढ्या वेळात आपली गाडी केसाच्या जाडीइतकीसुद्धा पुढे सरकलेली नसते.

चाकणच्या महिंद्रा कारखान्यातून २०२१ साली बाहेर पडलेल्या एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या वरच्या श्रेणीच्या मॉडेलांत असं रडार आणि जोडीला काचेमागे कॅमेरा होता. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, मावशी किंवा काका याच पट्ट्यात कामाला असतील, तर त्यांना विचारून बघा. ‘अ‍ॅडास’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा निघण्याची शक्यता बरीच आहे!

पण या डबीत फिरणारं काहीच नाही. मोटर नाही, चाक नाही, थाळी नाही. मग ती मान न वळवता डावं-उजवं कसं ओळखते? आज आपल्याला शोधायचंय ते हेच.

फिरती थाळी आणि तिची अडचण

रडार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते सिनेमातलं रडार. गोल गोल फिरणारी मोठी जाळीदार थाळी! ते चित्र खोटं नाही. विमानतळांवर, जहाजांवर अशी रडारं असतात. थाळी रेडिओलहरींचा झोत एका दिशेला सोडते. वाटेत विमान असलं तर लहरी त्यावर आपटून परत येतात, अगदी डोंगरासमोर मारलेल्या हाकेच्या प्रतिध्वनीसारख्या. लहर जाऊन यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं आणि थाळीचं तोंड कुठे होतं यावरून दिशा.

अडचण अशी, की थाळीला पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच जागी यायला काही सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान एका सेकंदात २५० मीटर जातं. थाळी चार सेकंदांनी परत तिकडे बघेपर्यंत स्वारी एक किलोमीटर पुढे! शिवाय थाळी जड, तिला मोटर हवी, बेअरिंग हवं, तेलपाणी हवं. जोराचा वारा आला की सगळ्याची परीक्षा.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की थाळी जागेवरच ठेवून नुसता झोत वळवता आला तर?

लेझमीची रांग

याचं उत्तर शाळेच्या मैदानावर सापडतं. समजा, लेझीम घेतलेली दहा मुलं एका सरळ रांगेत शेजारी शेजारी उभी आहेत. ढोलाचा ठोका पडला की सगळ्यांनी एकदम पुढे चालायचं. गच्चीवरून पाहिलं तर काय दिसेल? रांग सरळच्या सरळ पुढे जाताना दिसेल.

आता नियम बदलू. पहिल्या ठोक्याला फक्त सगळ्यात डावीकडच्या मुलानं निघायचं. दुसऱ्या ठोक्याला त्याच्या शेजारच्यानं. तिसऱ्याला त्याच्या शेजारच्यानं. असं करत सगळे निघाले, की गच्चीवरून रांग तिरपी दिसेल! डावीकडची मुलं पुढे, उजवीकडची मागे. जणू सगळ्या रांगेनं उजवीकडे तोंड फिरवलंय. कुणीही मान वळवलेली नाही. फक्त प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा थोडं उशिरा पाऊल टाकलं.

मुलांच्या जागी छोट्या छोट्या अँटेना ठेवा आणि पावलांच्या जागी रेडिओलहरी, की झाला ‘फेज्ड अ‍ॅरे’. अ‍ॅरे म्हणजे ओळीत मांडलेला संच. आणि फेज म्हणजे लहर आपल्या चढउतारात नेमकी कुठवर पोचली आहे ते. दोन झोपाळे शेजारी शेजारी हलत असतील आणि दोन्ही एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे जात असतील, तर त्यांची फेज सारखी. एक पुढे असताना दुसरा मागे असेल, तर फेज अगदी उलट.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मुलं नाकासमोर चालतात, पण छोट्या अँटेनातून निघालेली लहर पाण्यातल्या तरंगासारखी पसरत जाते. मग झोत कसा तयार होतो? ज्या दिशेला सगळ्यांच्या लहरींचे उंचवटे एकाच वेळी पोचतात, तिकडे त्यांची बेरीज होते. बाकीच्या दिशांना एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खड्डा एकमेकांना बऱ्याच अंशी पुसून टाकतात. राहतो तो एकाच दिशेचा जोरदार झोत.

करून पाहा: वही, कंपास आणि पट्टी

हे वहीतसुद्धा दाखवता येतं. एक आडवी रेघ काढा. तिच्यावर २ सेंटिमीटर अंतरानं चार बिंदू घ्या. या झाल्या आपल्या चार अँटेना. सगळ्यात डावीकडची आधी बोलली, म्हणून तिची लहर सगळ्यात लांब पोचली आहे. तिच्याभोवती ३ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ रेघेच्या वरच्या बाजूला काढा. दुसरीभोवती २ सेंटिमीटरचं, तिसरीभोवती १ सेंटिमीटरचं. चौथी आत्ता कुठे तोंड उघडतेय, तिच्याभोवती काहीच काढू नका.

आता चौथ्या बिंदूपासून पट्टी अशी ठेवा, की ती तिन्ही अर्धवर्तुळांना नुसती स्पर्श करेल. बसली ना बरोबर? रेघ ओढा आणि कोनमापकानं मूळ रेघेशी तिचा कोन मोजा. तो ३० अंश येईल. म्हणजे झोत समोरून ३० अंश उजवीकडे वळला.

दहावीच्या ताई-दादांना हा कोन ३०च का आला ते लगेच कळेल. शेवटचा बिंदू, त्याच्या शेजारचा बिंदू आणि स्पर्शबिंदू मिळून जो काटकोन त्रिकोण होतो, त्याचा कर्ण २ सेंटिमीटर आणि एक बाजू १ सेंटिमीटर. कर्णाच्या निम्मी बाजू ज्या कोनासमोर असते तो कोन ३० अंशांचा! भूमितीच्या तासाला शिकलेलं प्रमेय रडारात असं कामाला येतं बरं का.

खऱ्या रडारात हे सगळं फार बारीक असतं. समजा, लहरीची लांबी ३ सेंटिमीटर आहे. मग अँटेना साधारण दीड सेंटिमीटर अंतरानं मांडतात. झोत ३० अंश वळवायचा तर प्रत्येकीनं शेजारणीपेक्षा पाव लहर उशिरा बोलायचं, म्हणजे पाऊण सेंटिमीटर मागे राहायचं. हा उशीर एका सेकंदाच्या चाळीस अब्जाव्या हिश्शाएवढा! हा आकडा बदलला की झोत दुसरीकडे. थाळीला फिरायला सेकंद लागतात, पण इथे झोत डोळ्याच्या पापणीच्या एका हालचालीत हजारो वेळा दिशा बदलू शकतो.

ही कल्पना काही आजची नाही. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं १९०५ साली तीन अँटेना त्रिकोणात मांडून, त्यांच्यातल्या एकीला उशिरा बोलायला लावून रेडिओलहरी हव्या त्या दिशेला जास्त जोरानं पाठवून दाखवल्या होत्या. पुढे १९०९ साली मार्कोनीबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तीन अँटेनांचं ठीक होतं. पण हजार अँटेनांना एवढा अचूक उशीर कोण शिकवणार?

तोंड आणि कान एकाच डबीत

तोच हा आपला आजचा नायक, टी-आर मॉड्यूल! टी म्हणजे ट्रान्समिट, पाठवणं. आर म्हणजे रिसीव्ह, घेणं. प्रत्येक अँटेनाच्या पाठीशी असं एक छोटं मॉड्यूल बसवतात. प्रत्येक अँटेनाला स्वतःचं तोंडही आणि स्वतःचा कानही.

चला, एका ठोक्याबरोबर आपणही या मॉड्यूलमधून फिरून येऊ.

रडारच्या मध्यवर्ती भागातून एक अगदी क्षीण लहर निघते आणि वाटली जाऊन प्रत्येक मॉड्यूलकडे येते. दारातच भेटतो ‘फेज शिफ्टर’. हा लेझीमवाल्या मुलाच्या कानात सांगणारा मास्तर. ‘तू एवढा वेळ थांब, मग नीघ.’ त्याला किती उशीर करायचा हे संगणक सांगतो. पुढे असतो ‘पॉवर अ‍ॅम्प्लिफायर’, म्हणजे क्षीण लहरीला जोरदार करणारा लाउडस्पीकरच. तिथून लहर एका तिठ्यावर येते. या तिठ्याला म्हणतात ‘सर्क्युलेटर’. एकेरी वाहतुकीचा चौक असतो ना, अगदी तसा. अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेली लहर फक्त अँटेनाकडे जाणार आणि अँटेनाकडून आलेली लहर फक्त कानाकडे. उलट दिशेनं प्रवेश बंद!

लहर अँटेनातून बाहेर पडली. आता मॉड्यूल गप्प बसतं आणि कान टवकारतं. इथून पुढचं काम अवघड. कारण प्रतिध्वनी फार म्हणजे फारच क्षीण असतो. जाताना लहर पसरत जाते, परत येताना पुन्हा पसरते. त्यामुळे वस्तू दुप्पट दूर गेली तर प्रतिध्वनी निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. दहापट दूर गेली तर दहा हजारावा हिस्सा! विचार करा, स्वतः ढोल बडवायचा आणि लगेच दुसऱ्या क्षणी मुंगीची पावलं ऐकायची.

म्हणून परतीच्या वाटेवर आधी उभा असतो एक पहारेकरी, ‘लिमिटर’. आपल्याच आवाजाचा तडाखा किंवा बाहेरून आलेला एखादा जबर संकेत कानात शिरू लागला तर तो त्याला वाटेतच अडवतो. नाहीतर नाजूक कान जळून जायचा. त्याच्यामागे असतो कमी गोंगाट करणारा अ‍ॅम्प्लिफायर. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मंडल स्वतःही थोडी खरखर करत असतं. कुजबुज वाढवताना स्वतःची खरखर शक्य तितकी कमी मिसळायची, हे त्याचं कौशल्य. तो अँटेनाच्या अगदी जवळ ठेवतात, म्हणजे लांबलचक तारेतून जाताना कुजबुज विरून जात नाही. शेवटी पुन्हा फेज शिफ्टर. ऐकतानाही दिशा निवडायची असते ना! सगळ्यांच्या कुजबुजी योग्य उशीर देऊन एकत्र केल्या की हव्या त्या दिशेचा आवाज मोठा होतो आणि इतर दिशांचा दबून जातो.

असं एक मॉड्यूल आगपेटीएवढं किंवा त्याहून लहान असू शकतं. त्यातले जोरदार अ‍ॅम्प्लिफायर गॅलियम आर्सेनाइड किंवा गॅलियम नायट्राइड नावाच्या पदार्थांचे बनवतात. घेतलेल्या विजेतला बराचसा भाग मात्र उष्णता होऊन जातो. शेकडो मॉड्यूल दाटीवाटीनं बसवली की भट्टीच तयार व्हायची! म्हणून त्यांना थंड ठेवण्यासाठी पंखे किंवा नळ्यांतून फिरणारा द्रव लागतो.

एक पहाडी आवाज की हजार छोटे?

तुम्ही म्हणाल, एवढी हजार मॉड्यूल कशाला? एकच मोठा ट्रान्समीटर घ्यावा आणि त्याची लहर सगळ्या अँटेनांना वाटावी. मध्ये नुसते फेज शिफ्टर बसवावेत. हो, असंही करतात. आपल्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राच्या जोडीला असलेलं ‘राजेंद्र’ रडार असंच आहे. त्याच्या तोंडावर सुमारे ४००० छोटे घटक आहेत. ते रडार बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत घडलं. पण ‘आकाश’ ज्यावरून सुटतं तो लाँचर मात्र आपल्या शेजारी, दिघीच्या संशोधन आणि विकास आस्थापनेनं विकसित केला. आळंदीला जाताना दिघीवरून गेला असाल तर त्या कुंपणाजवळून तुम्ही गेलाच असाल!

पण एका मोठ्या ट्रान्समीटरचा धोका उघड आहे. तो बिघडला की सगळं रडार मुकं. हजार छोट्यांचं तसं नाही. त्यातली पाचदहा बंद पडली तर झोत किंचित दुबळा होतो, एवढंच. वारीतल्या दिंडीत दोन वारकरी पाणी प्यायला थांबले म्हणून अभंग थांबतो का?

आणखी एक फायदा आहे. दोन सारख्या अँटेना सुरात बोलल्या की झोताच्या दिशेला लहरीची उंची दुप्पट होते, आणि लहरीची ताकद उंचीच्या वर्गाच्या पटीत असते. म्हणजे त्या दिशेला ताकद चौपट! मग जास्तीची ताकद आली कुठून? बाकीच्या दिशांची कमी झाली ना! फुकट काही मिळालं नाही, विखुरलेलं एका जागी आलं.

याचं फार छान उदाहरण तिरुपतीजवळच्या गादंकी गावात आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंधही आहे. तिथं वातावरणातले वारे मोजणारं एक भलंमोठं रडार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. ते बांधलं मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेनं. पवईला आयआयटीच्या आवारात तिचं ठाणं आहे. हे रडार फिरत तर नाहीच, ते जमिनीवर चक्क शेतासारखं पसरलेलं आहे. १३० मीटर लांब आणि तेवढंच रुंद. त्यात ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ जागा. किती झाल्या? १०२४. प्रत्येक जागी यागी अँटेनांची एक जोडी उभी. यागी म्हणजे पूर्वी दूरदर्शन पाहण्यासाठी प्रत्येक घराच्या गच्चीवर असायची तशी आडव्या काड्यांची अँटेना. आईबाबांना विचारा, क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी ती फिरवायला गच्चीवर कोण जायचं!

सुरुवातीला या रडाराला ३२ मोठे ट्रान्समीटर होते. पुढे त्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा ते काढून प्रत्येक जागेसाठी एक अशी १०२४ टी-आर मॉड्यूल बसवली, प्रत्येकी एक किलोवॉटची. बत्तीस पहाडी आवाजांच्या जागी हजार छोटे आवाज आले, आणि प्रत्येकाला स्वतःचा उशीर स्वतः पाळता येऊ लागला.

आता परत चाकणला

गाडीतल्या डबीत हीच युक्ती बोटभर जागेत मावते. कारण तिच्या लहरी अगदी चिमुकल्या असतात, जेमतेम ४ मिलिमीटर लांबीच्या. लहर लहान, म्हणून अँटेनाही लहान. छापील पट्टीवर तांब्याच्या छोट्या चौकोनांची नक्षी दिसते ना, त्याच अँटेना. इतक्या आखूड लहरींशी भारताचं जुनं नातं आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांचे प्रयोग केले होते. तेव्हा मोटारगाड्याच जेमतेम जन्माला आल्या होत्या.

मोठ्या रडारापेक्षा गाडीच्या रडारात एक फरक असतो. ते ठोका मारून गप्प बसत नाही, बोलता बोलताच ऐकतं. म्हणून त्याची तोंडं वेगळी आणि कान वेगळे. ते सूर खालून वर चढवत नेतं, सा रे ग म प म्हणावं तसं. प्रतिध्वनी परत येईपर्यंत स्वतःचा सूर वर गेलेला असतो. दोन सुरांत जितका फरक, तितकी वस्तू दूर. वस्तू जवळ येत असेल तर सूर आणखी किंचित बदलतो. आकुर्डी स्टेशनवर न थांबता भोंगा वाजवत जाणारी गाडी येताना चढ्या आवाजात येते आणि पुढे गेली की आवाज एकदम उतरतो, तोच हा प्रकार.

आणि डावं-उजवं? ते कानांच्या रांगेवरून कळतं. ट्रक बरोबर समोर असेल तर प्रतिध्वनी सगळ्या कानांत एकाच वेळी येतो. उजवीकडे असेल तर उजव्या कानात आधी, डाव्या कानात नंतर. लेझमीच्या रांगेचाच उलटा खेळ! एका चिपवर ३ तोंडं आणि ४ कान असतील, तर प्रत्येक तोंडाचा आवाज प्रत्येक कानानं वेगळा ओळखून १२ कानांचं काम करून घेता येतं.

नुसतेच कान: खोडद

ऐकण्याच्या रांगेची कमाल पाहायची असेल तर चाकणहून नाशिक रस्त्यानं पुढे जा. राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की येतं नारायणगाव. तिथून जवळच खोडदला आहे ‘जीएमआरटी’, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर दूरदूर, मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. त्याआधी १९६५ साली त्यांनी कल्याणला ३२ छोट्या थाळ्यांची दुर्बीण मांडून सूर्याचं निरीक्षण केलं होतं.

खोडदच्या दुर्बिणीला तोंड नाही, नुसते कान आहेत. थाळ्या आकाशात हव्या त्या ताऱ्याकडे वळतात खऱ्या, पण तीस कानांचा एक कान करायचा तर प्रत्येकाच्या संकेताला योग्य उशीर द्यावाच लागतो. २५ किलोमीटर अंतर पार करायला रेडिओलहरीलाही सेकंदाचा बारा हजारावा हिस्सा लागतो! हा हिशेब चुकला तर लाखो वर्षांपूर्वी दूरच्या दीर्घिकेतून निघालेली कुजबुज गोंगाटात हरवून जाईल. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या वेळी इथे शाळांची विज्ञान प्रदर्शनं भरत आली आहेत. सरांना गळ घालून बघा.

एक अंशाची गोष्ट

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आईबाबांनाही वाचून दाखवा. इतकं हुशार रडार असलं तरी ते एका साध्या गोष्टीनं फसतं. समजा, गाडीला पुढून धक्का बसला. बंपर बदलला, रंग लावला, गाडी चकाचक झाली. पण आतली रडारची डबी फक्त एक अंशानं तिरपी राहिली. एक अंश म्हणजे कोनमापकावरची एक बारीक रेघ. त्यानं काय बिघडतं?

हिशेब करू. १०० मीटर दूर एक अंशाचा फरक म्हणजे पावणेदोन मीटर. रस्त्याची एक लेन असते साडेतीन मीटर रुंद. म्हणजे रडार अर्धी लेन चुकलं! शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्यासमोर वाटेल आणि खरंच समोर असलेली मोटारसायकल बाजूची वाटेल. म्हणून अशा दुरुस्तीनंतर रडार पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. गॅरेजमधल्या दादांचा स्क्रू आवरणारा हात इथे शास्त्रज्ञाइतकाच महत्त्वाचा. रडारपुढे हौसेनं लोखंडी गार्ड बसवला तर? प्लॅस्टिकमधून या लहरी जातात, धातूतून नाही. डोळ्यांवर हात ठेवून चालण्यासारखंच झालं ते. चिखलाचा जाड थर बसला तरीही नजर मंद होते.

आणि सगळं ठीक असलं तरी रडार म्हणजे मदतनीस, ड्रायव्हर नव्हे. आपल्या रस्त्यांवर उलट्या बाजूनं येणारा टेम्पो, मधेच आडवी येणारी म्हैस, अंधारातून रस्ता ओलांडणारा माणूस, या सगळ्यांचा अंदाज ते प्रत्येक वेळी बरोबर बांधेलच असं नाही. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच हवं, आणि मागे बसलेल्यांचा पट्टा लावलेला हवा. बाबा विसरले तर तुम्ही आठवण करा. ‘बाबा, रडार ब्रेक लावेल, पण पट्टा नाही लावणार!’

गंमत बघा, या सगळ्यात एकटं मॉड्यूल फार काही करत नाही. त्याचा आवाज छोटा, कानही छोटा. पण प्रत्येकानं आपला ठोका अचूक धरला, ना आधी ना नंतर, की हजार छोट्यांची मिळून एक नजर तयार होते. लेझीम शिकवताना तुमचे सर रांगेतल्या शेवटच्या मुलावरही का ओरडतात, ते आता कळलं ना?

डोकं चालवा

१. वहीतल्या चार बिंदूंपैकी सगळ्यात उजवीकडचा आधी बोलला आणि सगळ्यात डावीकडचा शेवटी, तर झोत कुठे वळेल?

२. चौघेही एकदम बोलले तर?

३. रेडिओलहर एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाते. रडारचा ठोका परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या दुप्पट वेळ लागला, तर वस्तू किती दूर आहे? (लहर जातेही आणि येतेही, हे विसरू नका.)

उत्तरं: १. डावीकडे. २. नाकासमोर सरळ. ३. ३०० मीटर.